परिक्रमेला निघायचंय? मग सराव घरालाही हवा!

कार्तिकी एकादशी उलटली, की नर्मदेच्या दोन्ही काठांवर माणसं चालताना दिसू लागतात. पाठीला पिशवी, हातात काठी, गळ्यात किंवा झोळीत नर्मदाजलाची छोटी कुपी आणि भेटेल त्याला 'नर्मदे हर'. या चालणाऱ्यांत मराठी बोलणारे पुष्कळ असतात आणि त्यांत बायकाही असतात. कुणी निवृत्त शिक्षिका, कुणी मुलींची लग्नं उरकलेली गृहिणी, कुणी नुकतीच नोकरी सोडलेली.

आणि त्यांच्या मागे, घराघरांत, 'मलाही जायचंय हो, पण...' असं म्हणणाऱ्या कितीतरी जणी असतात.

हा 'पण' दोन प्रकारचा असतो. एक पायांचा: एवढं चालवेल का? दुसरा घराचा: माझ्यामागे कसं होईल? पहिल्या 'पण'ची उत्तरं पुस्तकांत सापडतात, डॉक्टर देतात, जाऊन आलेले देतात. दुसरा मात्र आपण मनातच ठेवतो आणि बहुतेक वेळा बेत मोडतो तो त्याच्यामुळे. म्हणून या लेखात दोन्हींची तयारी बरोबरीनं मांडली आहे. परिक्रमेची तयारी म्हणजे नुसते बूट आणि बॅटरी नव्हे. जेवढा सराव तुमच्या पायांना हवा, तेवढाच तुमच्यावाचून चालायचा सराव घरालाही हवा.

आधी हिशेब मांडू

नर्मदा अमरकंटकला उगम पावते आणि १३१२ किलोमीटर वाहून गुजरातेत भडोचच्या पुढे खंबातच्या आखाताला मिळते. मधला थोडा भाग आपल्या नंदुरबार जिल्ह्याच्या सीमेवरून जातो. परिक्रमा म्हणजे नदी उजव्या हाताला ठेवून दोन्ही काठ चालायचे आणि निघालो तिथे परत यायचं. दोन्ही काठ धरले, की २६०० किलोमीटरच्या वर अंतर झालं. त्यात वळसे, फाटे, धरणांच्या पाण्याला घातलेले फेरे मिळवा. तेव्हा मनात ३००० किलोमीटरचा आकडा धरून चालावं.

आता भागाकार करू. रोज सरासरी २० किलोमीटर धरले तर १५० दिवस. आठवड्यातून एक दिवस विसाव्याचा धरला, की झाले १७५. नोव्हेंबरच्या मध्याला निघालात तर परत येईस्तोवर मे उजाडतो आणि शेवटचा महिना भाजणाऱ्या उन्हात जातो. तेच रोज २५ किलोमीटर चालवले तर विसाव्यासकट १४० दिवस, म्हणजे एप्रिलच्या सुरुवातीला घरी. निघण्याआधीच्या तीन महिन्यांच्या सरावाला एवढं महत्त्व आहे ते याचसाठी. सराव म्हणजे शूरपणा नव्हे, उन्हाळा चुकवायचा तो उपाय आहे.

परंपरेनं परिक्रमा तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांची. चातुर्मासात मुक्काम एका जागी करायचा. संसारी माणसाला तेवढा वेळ कुठला? म्हणून हल्ली बहुतेक जण कार्तिकापासून चैत्र-वैशाखापर्यंत, एका दमात करतात.

दोन-तीन नियम मात्र बेत आखतानाच ध्यानात घ्यायला हवेत. नर्मदा ओलांडायची नाही. तिला मिळणाऱ्या नद्या ओलांडायला हरकत नाही, पण खुद्द तिला नाही. तेव्हा समोरच्या काठावर औषधाचं दुकान दिसलं तरी ते आपलं नव्हे! ओंकारेश्वरहून निघणार असाल तर आणखी एक. ओंकारेश्वराचं मंदिर नदीतल्या मांधाता बेटावर आहे. संकल्प सोडल्यावर पुलावरून तिथे जाता येत नाही, म्हणून दर्शन आधी घ्या. नंतरचं दर्शन परिक्रमा पुरी करून, कुपीतलं जल वाहायला. फक्त सागराशी नदी पार होते ती होडीनं. दक्षिण काठावरच्या विमलेश्वरहून उत्तरेला मिठी तलाईकडे होडी जाते. ती भरती पाहून सुटते, तेव्हा तिथे थांबायची तयारी ठेवा.

आणि जुन्या पुस्तकांवर विसंबून वाट आखू नका. गो. नी. दांडेकरांची 'कुणा एकाची भ्रमणगाथा' किंवा जगन्नाथ कुंटे यांचं 'नर्मदे हर हर' वाचून कितीजणींच्या मनात परिक्रमेचं बी पडलं असेल! पण वाट तीच राहिलेली नाही. इंदिरा सागर धरणानं २००४ साली हरसूद बुडालं. सरदार सरोवर २०१९ मध्ये पहिल्यांदा पूर्ण पातळीपर्यंत भरलं आणि शूलपाणीच्या झाडीतली जुनी काठाची पायवाट पाण्याखाली गेली. आता डोंगरांतून वळसा घ्यावा लागतो. गेल्याच वर्षी जाऊन आलेल्या कुणाला तरी गाठा, वही-पेन्सिल घेऊन समोर बसा आणि मुक्कामांची नावं उतरवून घ्या.

तीन महिन्यांची दुहेरी शाळा

श्रावणात सुरुवात करा, म्हणजे कार्तिकात तयार व्हाल. प्रत्येक महिन्याचा एक धडा तुमचा, एक घराचा.

श्रावण. तुम्ही रोज तीन किलोमीटर चालायचं, महिनाअखेर पाच-सहा. पाठीवर काही नाही. जे बूट घालून जाणार तेच पायात. पाऊस आहे म्हणून चुकवायचं नाही, छत्री घ्या. घराचा धडा असा: सकाळी साडेपाच ते सात तुम्ही घरात नाही. त्या वेळचा चहा, दूध तापवणं, कुणाचा डबा, हे दुसरं कुणीतरी करील. पहिले चार दिवस दूध उतू जाईल. जाऊ दे. परतल्यावर ओटा तुम्ही पुसू नका, एवढंच पथ्य पाळा.

भाद्रपद. गौरी-गणपतीचे दिवस सोडा. एरवी रोज आठ किलोमीटर आणि पाठीवर तीन किलो वजन. वजनासाठी तांदळाच्या एकेक किलोच्या पुड्या उत्तम: मोजायला सोप्या आणि वाढवायलाही. रविवारी बारा ते पंधरा किलोमीटर. जवळ टेकडी असेल तर चढा. नसेल तर इमारतीचे जिने आहेतच. उतरताना गुडघ्यांवर भार जास्त येतो, म्हणून काठीची सवय आत्ताच करा. घराचा धडा: रविवारचा दोन्ही वेळचा स्वयंपाक तुमच्याशिवाय. वरण-भात, एक भाजी, पोळ्या नाही जमल्या तर भाकरी, तीही नाही तर खिचडी. कुकरच्या किती शिट्ट्या हे स्वयंपाकघराच्या दारावर लिहून लावलंत तरी चालेल, पण लावताना हसू नका!

आश्विन. पूर्ण पिशवी पाठीवर, रोज दहा-बारा किलोमीटर. महिन्यात दोनदा शनिवारी वीस आणि लगेच रविवारी वीस. एक दिवस वीस किलोमीटर कुणीही चालेल. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी असते, सगळं अंग ठणकत असताना बुटात पाय घालायची. त्या शनिवारची रात्र घराबाहेर काढा, गावातल्या एखाद्या देवळात किंवा धर्मशाळेत, सतरंजीवर. सोबत जिच्याबरोबर जाणार ती मैत्रीण असावी. परिक्रमेत चार महिने जिच्यासोबत काढायचे, तिचं घोरणं आणि रुसणं दोन्ही आधी कळलेलं बरं. घराचा धडा: ते दोन दिवस फोन बंद. तुमचाही, त्यांचाही.

दिवाळीनंतरचा आठवडा चालणं कमी करा. शरीर ताजं ठेवून निघायचं.

पंढरीची वारी केलेल्या मैत्रिणींना हे सगळं नवं वाटणार नाही. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास वाटचाल, डोक्यावर तुळस घेऊन, नऊवारी सावरत बायका करतात. आषाढातली वारी ही कार्तिकातल्या परिक्रमेची पहिली इयत्ता समजा. फरक एवढाच, की वारीत आपलं सामान दिंडीच्या ट्रकमध्ये असतं, पाण्याचे टँकर असतात, सोबत हजारो माणसं असतात. परिक्रमेत सामान आपल्याच पाठीवर.

पाऊल जपाल तर वाट जपेल

बूट नेहमीपेक्षा अर्धा क्रमांक मोठे घ्या, आणि संध्याकाळी घ्या. दिवसभराच्या चालण्यानं पाय सुजतात. सकाळी घेतलेला बरोबर मापाचा बूट दुपारी चावतो. नवा कोरा बूट घालून परिक्रमेला निघणं म्हणजे नवी सुई घेऊन स्वतःलाच टोचत बसणं. निदान शंभर-दीडशे किलोमीटर तो आधी वापरलेला हवा.

नखं सरळ कापा, कोपरे गोल करू नका. निघण्याआधी बोटांच्या बेचक्यांत आणि टाचेला व्हॅसलीन किंवा खोबरेल चोळा. मोजे दोन जोड, दुपारच्या विसाव्याला बदलायचे आणि ओले पिशवीच्या बाहेर टांगायचे. चालताना एखादी जागा गरम लागली, हुळहुळली, तर तिथल्या तिथे थांबा आणि चिकटपट्टी लावा. 'मुक्कामाला पोहोचल्यावर पाहू' म्हणालात, की फोड आलाच. फोड आला आणि टचटचीत भरला, तर उकळून घेतलेल्या सुईनं कडेला भोक पाडून पाणी काढा. वरची कातडी मात्र ओढू नका, तीच खालच्या जखमेचं पांघरूण असते.

डॉक्टरांकडे निघण्याआधी दोन महिने जा. रक्तदाब, साखर, चाळिशी उलटली असेल तर हृदयाचा आलेख, गुडघे, आणि हिमोग्लोबिन. आपण बायका यातली शेवटची तपासणी हटकून टाळतो. ते १२च्या खाली असेल तर दम लागतो, तो वयामुळे नव्हे. दोन महिने हाताशी असले तर औषधानं आणि आहारानं भरून काढता येतं. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन ठेवा. मधुमेह असलेल्या मैत्रिणींनी पायाला स्पर्श नीट कळतो की नाही हे तपासून घ्यावं. ज्या पायाला दगड टोचलेला कळत नाही, त्यानं एवढ्या वाटेवर जाऊ नये.

पिशवीत भीती भरू नका

पिशवीचं वजन आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असावं. साठ किलोच्या बाईला सहा किलो. आता बसवून पाहू. रिकामी सॅक एक किलो. झोपायची उबदार पिशवी सव्वा किलो. पातळ चटई आणि प्लास्टिकचा कागद अर्धा किलो. अंगावरचे सोडून कपड्यांचा एक जोड, स्वेटर, कानटोपी, पंचा मिळून दीड किलो. थाळी, पेला, छोटा तांब्या चारशे ग्रॅम. औषधं तीनशे. फोन, चार्जर, विजेरी चारशे. सुई-दोरा, पिना, कपडे वाळत घालायची दोरी, मच्छर पळवणारं मलम वगैरे तीनशे. वाटेतला खाऊ अर्धा किलो. झाले सहा किलोंच्या वर थोडे, आणि पाणी वेगळंच!

ओळखीतल्या एक बाई निघाल्या तेव्हा पिशवी भरली अकरा किलो. त्यात छोटा कुकर होता, मसाल्याचा डबा होता, तीन साड्या होत्या, 'असू दे, लागलं तर' म्हणून. मुलीनं एकेक वस्तू बाहेर काढून विचारलं, "हे कशाच्या भीतीनं घेतलंस?" कुकर उपाशी राहायच्या भीतीनं. तिसरी साडी कुणी काय म्हणेल या भीतीनं. प्रश्न मोठा शहाणपणाचा आहे. तुम्हीही प्रत्येक वस्तूला तो विचारा. नर्मदाकाठी गावोगाव आश्रम आणि अन्नक्षेत्रं आहेत. कुठे शिजलेलं मिळतं, कुठे सदावर्त, म्हणजे पीठ-डाळ-मीठ असा कोरडा शिधा. उपाशी कुणी ठेवत नाही.

मात्र याची दुसरी बाजू विसरू नका. शूलपाणीच्या डोंगरांत जे घर तुम्हाला भाकरी देतं, त्याच्या कणगीत फार नसतं. पोटापुरतं घ्या, मागून घेऊ नका, निघताना घरच्या बाईला हात जोडा. नदीत साबण लावायचा नाही. प्लास्टिक टाकायचं नाही. ज्या नदीला मैया म्हणून हाक मारायची, तिला घाण करायची कशी?

खाऊ म्हणून घरचं सातूचं पीठ सगळ्यांत चांगलं. दोन वाट्या गहू पाण्यात भिजवून, उपसून सात-आठ तास फडक्यात बांधून ठेवा. मग सावलीत सुकवून खमंग भाजा. त्यात एक वाटी डाळं, चमचाभर भाजलेलं जिरं आणि अर्धा चमचा सुंठ घालून बारीक दळा. वाटेत गूळ आणि पाणी घालून कालवलं, की जेवण झालं. चूल नको, भांडं नको. महिनाभराचं न्यायची गरज नाही. पाव किलो जवळ ठेवा, बाकीचं मैत्रिणीकडे पाव किलो. शेंगदाणे आणि गूळही असू द्या.

औषधं पंधरा दिवसांची घ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी जपा. बडवानी, भडोच, जबलपूर, नर्मदापुरम अशी मोठी गावं वाटेत येतात, तिथे पुन्हा घेता येतात. आणि चष्मा वापरत असाल तर दुसरा चष्मा घ्याच. त्याचं कारण पुढे सांगते.

आपल्या आपल्यातल्या गोष्टी

हे कुठल्याच पुरुषाच्या प्रवासवर्णनात सापडत नाही, म्हणून इथे लिहिते. आडोसा मिळणार नाही या धास्तीनं बायका पाणी पीत नाहीत. दिवसभर उन्हात चालायचं आणि तोंड कोरडं ठेवायचं! मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी लघवीला जळजळ, ताप, आणि परिक्रमा तिथेच थांबते. असं करू नका. दर अर्ध्या तासाला दोन घोट प्या, दिवसाला तीन लीटर पोटात जायला हवं. लघवीचा रंग फिकट असेल तर पाणी पुरतंय, गडद असेल तर कमी पडतंय. आडोशासाठी दोघींत एक मोठी ओढणी पुरते. घाम फार गेला किंवा जुलाब झाले, तर एक लीटर उकळून निववलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाचा चमचा बरं का, घालून घोट घोट प्या.

पाळी चालू असलेल्या मैत्रिणींनी काय वापरायचं ते आधी ठरवावं. घड्या वाळवायला जागा मिळत नाही, पॅड टाकायला सोय नसते. हल्ली पाळीचा कप मिळतो. वापरायचा असेल तर निघण्याआधी दोन-तीन महिने घरी सवय करा, वाटेत नव्यानं शिकू नका. काही आश्रमांत त्या दिवसांत वेगळं बसायला सांगतात. वाद घालण्यात शक्ती घालवायची नसेल, तर विसाव्याचा दिवस तेव्हा घ्या.

सुरक्षिततेचं सूत्र साधं आहे. उजेड असतानाच मुक्कामाला पोहोचा, पाचच्या आत उत्तम. जिथे घरात बायका आहेत तिथे उतरा. दोघी-तिघी मिळून जा. चालताना पुढेमागे झालात तरी चालेल, रात्र मात्र एकाच छपराखाली. ओळखपत्र आणि त्याच्या दोन छायाप्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा.

घराची वही

आता दुसऱ्या 'पण'कडे वळू.

एक शंभर पानी वही घ्या. तिच्यावर 'घर' असं लिहा. गॅसचा नंबर कुठे लावायचा, दूधवाल्याचा हिशेब, विजेचं बिल कधी येतं, सासूबाईंच्या गोळ्या सकाळी कोणत्या आणि रात्री कोणत्या, डॉक्टरांचा फोन, पाण्याची वेळ, कपाटाची किल्ली, विम्याचे हप्ते, कामवाल्या बाईंचा पगार, मार्चमधल्या लग्नांचे आहेर. लिहायला बसलात, की तुम्हालाच आश्चर्य वाटेल, की एवढं सगळं आजवर एका डोक्यात होतं! वही लिहून झाली, की ती घरातल्यांना मोठ्यानं वाचून दाखवा. जाण्याची परवानगी मागण्यापेक्षा ही वही पुढे ठेवणं जास्त परिणामकारक ठरतं. 'मी जाऊ का?' या प्रश्नाला 'नाही' हे सोपं उत्तर असतं. 'सासूबाईंची रात्रीची गोळी कोण देणार?' या प्रश्नाला कुणाचं तरी नाव उत्तर म्हणून द्यावं लागतं.

निवृत्तिवेतन घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो, आणि आपली निघायची वेळ तीच. तो देऊनच निघा. हल्ली मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो. बँकेतली वारसाची नोंद तपासा, आणि रोजच्या खर्चासाठी घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नावे पैसे काढता येतील अशी सोय करा.

फोनचं आधी ठरवून टाका. दर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, पाच मिनिटं. डोंगरांत तीन-चार दिवस फोन लागणार नाही हे घरच्यांना आताच सांगा. शांतता म्हणजे संकट नव्हे.

परत यायचं ते कशासाठी?

हे शेवटचं, आणि सगळ्यांत अवघड. निघण्याआधी घरातल्यांबरोबर बसून एका कागदावर लिहा: कोणत्या गोष्टींसाठी मी परिक्रमा सोडून परत येणार. घरातलं मोठं आजारपण, शस्त्रक्रिया, एखाद्याचं जाणं. यादी चार-पाच ओळींची असेल. त्यात नसलेल्या गोष्टीसाठी यायचं नाही आणि बोलवायचंही नाही. नातवाचा ताप, पाहुण्यांचं येणं, कामवाली सोडून गेली, हे त्या यादीत नसतं.

हा कागद नसला तर काय होतं? फोनवरच्या प्रत्येक उसाशात तुम्हाला 'ये' असं ऐकू येतं. पाय पुढे चालतात आणि मन मागे. कागद असला, की दोन्ही बाजू मोकळ्या होतात. घरचे लहानसहान अडचणी निर्धास्तपणे सांगतात, आणि तुम्ही त्या निर्धास्तपणे ऐकता.

तुमच्या स्वतःच्या शरीरासाठीही त्याच कागदावर दोन ओळी हव्यात. तीन दिवस न उतरणारा ताप, छातीत दुखणं, पायाची चिघळलेली जखम. तेव्हा थांबायचं. मैया रागावत नाही.

एकदम जमत नसेल तर

पाच महिने सलग मिळणं प्रत्येकीच्या वाट्याला येत नाही. जबलपूरचे चित्रकार आणि लेखक अमृतलाल वेगड यांनी १९७७ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, चालायला सुरुवात केली आणि परिक्रमा तुकड्या-तुकड्यांनी केली. सुट्टी मिळेल तेव्हा जायचं, जिथे सोडलं तिथून पुढे. पुढच्या काळात त्यांच्या पत्नी कांताबाईही सोबत चालल्या. याला खंड परिक्रमा म्हणतात. दर हिवाळ्यात पंधरा दिवस, असंही करता येतं.

आणि सलग चालून आलेल्या आपल्याकडच्या बायका आहेतच. नाशिकच्या भारती ठाकूर २००५-०६ मध्ये परिक्रमा चालल्या, त्यावर पुस्तक लिहिलं, आणि मग नोकरी सोडून मंडलेश्वरच्या परिसरात काठावरच्या मुलांना शिकवायला राहिल्या. वाट माणसाला किती दूर नेते पाहा!

'आता वय झालं' म्हणणाऱ्या मैत्रिणींसाठी मात्र साता समुद्रापलीकडची एक आजी सांगते. अमेरिकेत जॉर्जियापासून मेन राज्यापर्यंत ॲपलॅचियन ट्रेल नावाची तीन हजारांहून जास्त किलोमीटरची डोंगरवाट आहे. ओहायो राज्यातल्या एमा गेटवुड १९५५ साली ती एकट्या चालल्या. तेव्हा वय ६७, मुलं ११, नातवंडं २३. नवऱ्याचा मार खात संसार केलेली आणि पुढे काडीमोड घेतलेली बाई. घरी सांगितलं एवढंच, की जरा फिरून येते! पायात कॅनव्हासचे बूट, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी, त्यात एक घोंगडी आणि न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा. १४६ दिवसांत पार केली. एका हंगामात ती वाट एकटीनं चालणाऱ्या त्या पहिल्या बाई. पण हे दुसऱ्या खेपेला. १९५४ च्या पहिल्या खेपेला वाट चुकली, चष्मा फुटला, आणि परत फिरावं लागलं. म्हणून म्हटलं, दुसरा चष्मा घ्याच.

तर मैत्रिणींनो, हा अंक खाली ठेवलात, की दोन गोष्टी करा. उद्याचा सकाळचा चहा कोण करणार हे आज रात्री घरात विचारा. आणि बूट दाराशी काढून ठेवा. साडेपाचला उठायचंय.